गाडी मिसिंग मारतेय? आधी सिलिंडर शोधा, मग पार्ट बदला

मृग लागला की आमच्या गोव्यात म्हापशापासून काणकोणपर्यंत कुठल्याही गॅरेजवर जा, तक्रार एकच, गाडी मिसिंग मारते. काल संध्याकाळपर्यंत नीट चालली, रात्रभर पाऊस झाला, सकाळी स्टार्ट केली तर इंजिन थडथडतंय, पिकअप नाही आणि डॅशबोर्डवर पिवळी चेक इंजिनची लाइट पेटलेली. मग कोणीतरी सांगतं प्लग बदल, प्लग बदलले की थोडे दिवस बरं वाटतं, परत तेच, मग कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देते ती), मग इंजेक्टर (सिलिंडरसाठी पेट्रोल फवारतो तो) क्लीनिंग, आणि शेवटी कोणतरी म्हणतं की ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला असणार. पैसे गेले ते गेले आणि दुखणं आहे तिथेच. मला मनापासून वाटतं की हे थांबायला पाहिजे, कारण मिसिंग हे शोधून काढता येणारं दुखणं आहे. क्रमाने गेलं तर कुठला सिलिंडर आणि का, हे बहुतेक वेळा घरच्या अंगणात कळतं, आणि नंतर दुरुस्ती स्वतः केली काय किंवा मेकॅनिककडून करून घेतली काय, निदान काय करायचंय ते तरी माहीत असतं.

मुख्यतः पेट्रोल गाड्यांचं सांगतोय. डिझेलला स्पार्क प्लगच नसतो, तिथे मिसिंग आलं की संशय इंजेक्टर, डिझेल फिल्टरमधलं पाणी आणि कॉम्प्रेशनवर जातो, आणि कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक पाइपमध्ये, प्रेशर एवढं असतं की चालू इंजिनची लाइन सैल करून बघायचा जुना प्रकार अजिबात करू नका, डिझेल कातडीतून आत घुसतं. फिल्टरमधलं पाणी काढण्यापलीकडचं काम डिझेलवाल्याकडेच.

मिसिंग म्हणजे नक्की काय

एखाद्या सिलिंडरमध्ये ज्या क्षणी पेट्रोल पेटायला पाहिजे त्या क्षणी ते पेटत नाही किंवा अर्धवट पेटतं, बस एवढंच. पेटायला काय लागतं तर दमदार ठिणगी, हवा आणि पेट्रोलचं बरोबर प्रमाण, आणि ते मिश्रण दाबून धरणारं कॉम्प्रेशन, आणि हे सगळं वेळेवर. यातलं काय कमी पडलं तेवढंच शोधायचं असतं, बाकी सगळा तपशील. गाडीच्या कॉम्प्युटरला मिसिंग कसं कळतं? क्रँक सेन्सर क्रँकशाफ्टचा वेग सतत मोजत असतो, प्रत्येक स्फोटाला वेग किंचित वाढतो, एखाद्या सिलिंडरच्या पाळीला तो वाढला नाही की कॉम्प्युटर त्या सिलिंडरच्या नावावर नोंद करतो. म्हणजे कॉम्प्युटरला फक्त कोण पेटला नाही ते कळतं, का पेटला नाही ते कळत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे स्कॅनरवर कोड दिसल्यावर लोक इथेच फसतात.

लाइट लुकलुकते की स्थिर आहे

हे सगळ्यात आधी बघा. चेक इंजिनची लाइट स्थिर असेल तर नोंद झालीय, सावकाश घरापर्यंत जाता येईल. लाइट लुकलुकत असेल तर मिसिंग एवढं जास्त आहे की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग, पुढे नुसतं कॅट) जाऊन तिथे जळतंय, आणि त्या उष्णतेने कॅटच्या आतली जाळी वितळू शकते. प्लगचा सेट काही शे रुपयांत येतो, कॅटचा खर्च हजारोंत जातो. म्हणून लुकलुकती लाइट दिसली की रेस सोडा, बाजूला घ्या, बंद करा, आणि मेहरबानी करून सुकलेल्या गवतावर उभी करू नका. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे रस्त्याच्या कडेचं गवत कडकडीत वाळलेलं असतं आणि तापलेल्या कॅटमुळे ते पेट घेऊ शकतं.

कधी मिस मारते ते लिहून काढा

हत्यार हातात घ्यायच्या आधी मोबाइलमध्ये लिहा की मिसिंग कधी येतं. ऐकायला फालतू वाटतं पण यातून अर्धी दिशा मिळते.

फक्त लोडवर येतं का, म्हणजे केरीवरून चोर्ला घाट चढताना, एसी लावून, चार माणसं घेऊन, चौथ्या गिअरमध्ये दाबलं की गचके, आणि सपाटीला पणजीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी एकदम शहाणी? असं असेल तर पहिला संशय ठिणगीवर. लोड वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि जास्त दाबात प्लगच्या फटीतून ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, कमजोर कॉइल किंवा जास्त गॅप झालेला प्लग तिथे मार खातो. पेट्रोलचा पुरवठा कमी पडत असेल तरी लोडवरच कळतं, पण तेव्हा गचक्यांपेक्षा गाडी ओढत नाही, मरगळलेली वाटते.

उलट फक्त आयडलिंगला थडथड आणि रेस केली की सुरळीत, तर कुठूनतरी जादा हवा आत जातेय, किंवा ईजीआर वॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) उघडा राहिलाय, किंवा एखादा वॉल्व्ह नीट बसत नाही. फक्त सकाळी थंड असताना मिनिटभर मिस आणि मग ठीक, आणि कूलंटही हळूहळू कमी होतंय, तर हेड गॅस्केटचा (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) विचार करायला लागतो, रात्रभरात थोडं कूलंट सिलिंडरमध्ये उतरलेलं असतं. गरम झाल्यावरच मिस, थंड केली की परत ठीक, ही कॉइलची फार जुनी खोड आहे. पावसात किंवा धुतल्यानंतर मिस, तर ओल. टाकी भरल्या भरल्या मिस, तर पेट्रोल. सीएनजीवर मिस आणि पेट्रोलवर ठीक, तरी आधी प्लग आणि कॉइलच बघा, गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं म्हणून कमजोर इग्निशन आधी गॅसवर उघडं पडतं, गॅस किटवाल्याकडे नंतर जा.

स्कॅनर लावा

भारतात गेल्या दहा वर्षांत विकलेल्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा ओबीडी पोर्ट, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायची जागा, असते. त्यात बसणारा छोटा ब्लूटूथ अडॅप्टर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, मोबाइलवर अ‍ॅप टाकलं की कोड वाचता येतात. एक अडॅप्टर घेऊन ठेवा, वाड्यावर सगळ्यांना उपयोगी पडतो.

पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, असं पुढे. पी०३०० म्हणजे एकच ठरावीक सिलिंडर नाही, इकडेतिकडे कुठेही मिस. पहिला सिलिंडर बहुतेक आडव्या इंजिनांत पट्ट्याच्या बाजूचा असतो, पण आपल्या गाडीचं मॅन्युअल बघून खात्री करा. एकाच सिलिंडरचा कोड असेल तर त्याच सिलिंडरचा प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे शोध सोपा. पी०३०० असेल तर सगळ्यांना सामाईक गोष्टी बघायच्या, पेट्रोल प्रेशर, हवेची गळती, अर्थिंग, बॅटरी, टायमिंग. सोबत दुसरा कोड असेल तर तो सोडू नका, पी०३५१ ते पी०३५४ कॉइलच्या सर्किटचे, पी०२०१ ते पी०२०४ इंजेक्टरच्या सर्किटचे, पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. सर्किटचा कोड आला म्हणजे कॉइल किंवा इंजेक्टरच गेला असं नाही, वायर किंवा कपलरही (वायरीचा प्लास्टिकचा जोड) असू शकतो, आणि आपल्या हवेत बऱ्याचदा तोच असतो.

कोड डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, फ्रीझ फ्रेम पण बघा, त्यात कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, इंजिन किती गरम हे साठवलेलं असतं, वर जे लिहून काढलं ते याच्याशी जुळतं का बघायचं. कोड घालवायला बॅटरीची वायर काढायची सवय काही लोकांना असते, ते करू नका, त्याने ही सगळी माहिती पुसली जाते.

अजून एक. बऱ्याच गाड्यांत मिसिंग जास्त झालं की कॅट वाचवायला कॉम्प्युटर स्वतःच त्या सिलिंडरचं पेट्रोल बंद करतो. मग मेकॅनिक तपासतो तेव्हा इंजेक्टर चालत नाही असं दिसतं आणि इंजेक्टर बदलायला सांगतो. गाडी बंद करून परत स्टार्ट केल्यावर पहिल्या काही सेकंदांत तपासा, तेव्हा इंजेक्टर चालू असेल तर तो निर्दोष आहे.

कॉइलची अदलाबदल

ही टेस्ट फुकट आहे आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची. समजा पी०३०३ आहे आणि गाडीला प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे. इंजिन बंद, चावी काढलेली, तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावा, कपलरची खुंटी जपून दाबा कारण जुनं प्लास्टिक पटकन तुटतं, कोड डिलीट करा आणि ज्या परिस्थितीत मिस मारते तशीच चालवून आणा. आता कोड पी०३०१ झाला तर कॉइल गेली, निकाल लागला. कोड तिसऱ्यावरच राहिला तर कॉइल चांगली आहे, मग प्लगची अशीच अदलाबदल, मग जमत असेल तर इंजेक्टरची. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, दोन एकदम हलवल्या की काही कळत नाही.

मल्टिमीटरने कॉइलचा रेझिस्टन्स बघून कॉइल ओके म्हणणाऱ्यावर मी भरवसा ठेवत नाही. थंड कॉइल मीटरवर बरोबर दाखवते आणि गरम झाल्यावर आतून फुटते, मीटरला ते दिसत नाही.

जुन्या गाड्यांत दोन कॉइल आणि प्लगपर्यंत जाड वायरी असतात. चार सिलिंडरच्या इंजिनात बहुतेक वेळा एक कॉइल १ आणि ४ ला, दुसरी २ आणि ३ ला. जोडीतले दोन्ही मिस मारत असतील तर कॉइल, एकच मारत असेल तर वायर किंवा प्लग. या गाड्यांसाठी रात्रीची एक छान टेस्ट आहे. अंगणातला दिवा बंद करा, बॉनेट उघडून इंजिन आयडलिंगला ठेवा, आणि फवारणीच्या बाटलीतून वायरींवर पाण्याचा बारीक तुषार मारा. वायर कुठे फुटली असेल तिथून इंजिनच्या लोखंडाकडे निळी ठिणगी टिक-टिक करत उडताना डोळ्यांनी दिसते. हात मात्र लांब ठेवायचे, हजारो व्होल्टचं काम आहे, आणि हृदयाला पेसमेकर असलेल्या माणसाने चालू इंजिनच्या इग्निशनजवळ जायचंच नाही. चालू इंजिनवर प्लगची वायर ओढून बघायची सवय पण सोडा. सिलिंडर बंद करून बघायचाच असेल तर इंजेक्टरचा कपलर काढा, म्हणजे कच्चं पेट्रोल कॅटमध्ये जात नाही. ज्या सिलिंडरचा कपलर काढल्यावर इंजिनच्या आवाजात काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच झोपलेला आहे.

प्लग काढा आणि नीट बघा

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग काढला तर आटे सोबत येऊ शकतात. प्लगच्या खड्ड्यात वाळू, लाल माती, सुकलेली पानं असतात, ती हवेने उडवून मगच पाना लावा नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने ओळीत ठेवा, पुठ्ठ्यावर आकडे लिहून.

आता एकेक हातात घ्या. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सिलिंडर सुखी आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे पेट्रोल येतंय पण पेटत नाही, म्हणजे इंजेक्टरचा दोष नाही, ठिणगीकडे बघा. तेलकट काळा म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा वॉल्व्ह सील झिजून तेल आत येतंय. पांढराफट्ट, फोड आल्यासारखा म्हणजे पेट्रोल कमी किंवा प्लग जास्त तापतोय, आणि बाकी सगळे तपकिरी असताना एकच प्लग एकदम धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट येत असण्याची शक्यता आहे.

यात बहुतेक लोक टोकाकडेच बघतात, वरचं पांढरं चिनीमातीचं अंग बघतच नाहीत. ते कपड्याने पुसून उजेडात फिरवून बघा. वरून खाली जाणारी पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी फटीतून न जाता बाहेरून त्या रेघेने इंजिनला पळतेय. अशी रेघ पडली की तिच्या समोर कॉइलच्या रबरी बुटाच्या (प्लगवर बसणारी रबरी नळी) आतही तसाच करडा माग असतो, आणि नुसता प्लग बदलला तर बुटातला माग नव्या प्लगवर परत रेघ पाडतो. प्लग बदलून थोडे दिवस बरं आणि परत मिसिंग, याचं फार मोठं कारण हेच. प्लग आणि बूट दोन्ही बदलायचे, बूट वेगळा मिळत नसेल तर कॉइल.

नवा प्लग कंपनीने सांगितलेल्या नंबरचाच घ्या. साधे निकेलचे प्लग साधारण तीस-चाळीस हजार किलोमीटरला बदलतात, इरिडियम लाखाच्या आसपास जातात, मॅन्युअलमधला आकडा धरा. गॅप फीलर गेजने तपासा, बहुतेक गाड्यांत ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या मध्ये असतो, इरिडियमचं बारीक टोक मात्र वाकवायला जाऊ नका. बसवताना रबरी नळीच्या तुकड्यात प्लग अडकवून हाताने फिरवत आत न्या, आटा चुकीचा लागला तर नळी घसरते आणि हेड वाचतं. हाताने टेकल्यावर टॉर्क रेंच असेल तर मॅन्युअलच्या आकड्याला, नसेल तर वॉशरवाला नवा १४ मिलिमीटरचा प्लग साधारण अर्धा फेरा. आपल्याकडे गंजाच्या भीतीने आट्यांना ग्रीस लावतात. आजकालच्या प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो, त्याची गरज नाही, उलट ग्रीसमुळे प्लग जास्त आवळला जातो. कॉइलच्या बुटाच्या आत मात्र डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ थर जरूर लावा, ओल आत शिरत नाही.

पाणी, मीठ आणि उंदीर

गोव्यात राहणाऱ्या माणसाने हे तिन्ही प्लगच्या बरोबरीनेच तपासायला पाहिजेत.

आमच्या वाड्यावरच्या एका काकांची गाडी आंब्याखाली उभी असते. पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी मिस, दोन दिवस ऊन पडलं की आपोआप ठीक. गॅरेजमध्ये प्लग बदलून झाले होते, कॉइलही बदलून झाली होती, तरी पुढच्या पावसात परत तेच. वायपरखालची प्लास्टिकची जाळी काढली तर खाली आंब्याची कुजलेली पानं आणि मोहोराचा काळा लगदा, पाणी वाहून जायचं भोक पूर्ण बंद. त्यामुळे पाणी तिथे साठून कडेवरून थेट तिसऱ्या कॉइलवर टपकत होतं. ती कॉइल उपसली तर आतली स्प्रिंग हिरवट आणि प्लगच्या डोक्याभोवती करंगळीचं पेर बुडेल एवढं पाणी. पाणी टिपून घेतलं, हवा मारली, बूट आणि प्लग नवा घातला, पण खरी दुरुस्ती म्हणजे ते भोक मोकळं करणं, ते केलं नसतं तर नवी कॉइलही गेली असती. झाडाखाली गाडी लावत असाल तर मे महिन्यात ही जाळी काढून साफ करा. इंजिनवर प्रेशरने पाणी मारून धुणंही याच कारणासाठी मला पटत नाही.

खड्ड्यात पाण्याऐवजी तेल सापडलं तर वरच्या कव्हरचं गॅस्केट किंवा प्लगच्या नळीचं सील गेलंय. तेलाने रबर फुगतं आणि बुटातून ठिणगी बाहेर पळायला लागते, म्हणून आधी सील, मग बूट.

मिठाचं काम हळू चालतं पण सोडत नाही. कळंगुट, मोरजी, कोलवा, कुठल्याही किनाऱ्याकडच्या गाडीचे कपलर उघडून बघा, पिनांवर हिरवी-पांढरी पावडर दिसते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, मऊ ब्रशने घासून, पूर्ण सुकवून परत लावा. सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची वायर. ती गंजली की कॉइलला पूर्ण करंट मिळत नाही आणि पी०३०० सारखे भटके कोड येतात. तपासायला मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, एक टोक इंजिनच्या स्वच्छ लोखंडावर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर. ०.२ व्होल्टच्या वर दाखवलं तर बोल्ट काढून पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत घासा. त्याच वेळी बॅटरी पण बघून घ्या, चालू इंजिनवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला पाहिजेत.

आणि उंदीर. पावसात त्यांना गरम, कोरडी जागा पाहिजे असते आणि बॉनेटखाली ती मिळते. शेताकडेला, कुळागराकडेला (सुपारी-नारळाच्या बागेकडेला) राहणाऱ्यांनी तर मिसिंग आलं की टॉर्च घेऊन आधी इंजेक्टरच्या वायरींचा पट्टा बघावा. नारळाची शेंडी, सुकं गवत, लेंड्या दिसल्या की वायर कुरतडलेली असणार हे धरून चाला. तुटलेली वायर नुसती पिळून टेप मारू नका, आपल्या हवेत ती वर्षभरात आतून हिरवी होते. सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी), नाहीतर नवा पिगटेल (वायरीसकट कपलर).

पेट्रोल

आता पंपावर मिळतं ते पेट्रोल इथेनॉल मिसळलेलं, वीस टक्क्यांपर्यंत. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, थोडं पाणी त्यात विरघळून जातं आणि डोळ्याला काही दिसत नाही, पण पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर बसतो आणि पंप नेमका तिथूनच उपसतो. घरचा माणूस शिपवर किंवा गल्फला आणि गाडी अख्खा पावसाळा अर्ध्या टाकीवर शेडमध्ये उभी, या गाड्यांना हा त्रास जास्त. संशय आला तर मेकॅनिककडून लाइनमधून थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून घ्या, अर्धा तास स्थिर ठेवा, दोन थर दिसले तर टाकी रिकामी करून धुवावी लागेल. टाकी भरल्यावर लगेच मिस सुरू झालं असेल तर बिल जपून ठेवा आणि पंपावर परत जा, फिल्टर पेपर आणि डेन्सिटीची तपासणी मागायचा ग्राहकाला हक्क आहे.

पेट्रोल प्रेशर साध्या एमपीएफआयला (जिथे इंजेक्टर सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत पेट्रोल फवारतो) साधारण ३ बारच्या आसपास असतं, गेज लावून बघता येतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या (थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या) टर्बो गाड्यांत हात घालू नका, तिथे प्रेशर कितीतरी पट आहे. इंजेक्टर चालतो का बघायला लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवून मूठ कानाला लावा, टक-टक ऐकू आली पाहिजे. कपलर काढून रेझिस्टन्स बघितला तर साध्या इंजेक्टरला साधारण १२ ते १६ ओहम, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांचा सारखा.

जादा हवा

पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत खेचणारा) पाइप, ब्रेक बूस्टरचा पाइप, मॅनिफोल्डचं (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट बघा, रबर तडकतं. लोक कार्ब क्लीनर मारून गळती शोधतात, गरम इंजिनवर ते पेट घेतं, मी साधं पाणी फवारतो, फवारल्यावर आयडलिंग बदललं तर तिथेच गळती. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. आयडलिंगला अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर हवेची गळती, रेस केल्यावर उलट वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. एक मात्र, ज्या गाड्यांना एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा) नसून एमएपी (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) सेन्सर आहे, म्हणजे आपल्या कित्येक छोट्या गाड्या, तिथे गळती ट्रिममध्ये फारशी दिसत नाही, आयडलिंग चढलेलं दिसतं.

शेवटी कॉम्प्रेशन

ठिणगी, पेट्रोल, हवा सगळं ठीक आणि तरी तोच सिलिंडर मिस, तर कॉम्प्रेशन गेज लावा. इंजिन कोमट, सगळे प्लग बाहेर, इंजेक्टर आणि कॉइलचे कपलर काढलेले, बॅटरी भरलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा फेरे क्रँक. पेट्रोल इंजिनला साधारण १५० ते २०० पीएसआय येतं, पण आकड्यापेक्षा सिलिंडर एकमेकांशी जुळतात का ते महत्त्वाचं. एक बराच खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजा. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर वॉल्व्ह. शेजारचे दोन खाली असतील तर हेड गॅस्केट, सगळेच खाली असतील तर टायमिंग चेन सरकलीय का बघा. सीएनजीवर भरपूर चाललेल्या गाडीत टॅपेट (वॉल्व्हला दाबणारा भाग, त्याची फट ठरलेली असते) आवळून वॉल्व्ह पूर्ण बसत नाही, हेड उतरवायला निघालेल्या मेकॅनिकला आधी टॅपेट तपासायला सांगा, सेटिंगने काम झालं तर मोठा खर्च वाचतो.

दुरुस्ती झाल्यावर

कोड डिलीट करून गाडी नुसती अंगणात रेस करून बघू नका. थंड स्टार्ट, थोडं ट्रॅफिक, थोडा हायवे, आणि एखादा चढ, सगळं झालं पाहिजे, मग पेंडिंग कोड (अजून पक्के न झालेले) बघा. अ‍ॅपमध्ये सिलिंडरप्रमाणे मिसफायर काउंट दिसत असेल तर तोही बघा, तो शून्यावर राहायला पाहिजे. पीयूसी करायचं असेल तर या चक्करनंतरच करा.

मिसिंग पुष्कळ दिवस चाललं होतं आणि आता इंजिन सुरळीत आहे पण पिकअप दबलेला वाटतो, किंवा पी०४२० (कॅट नीट काम करत नाही) कोड येतो, तर कॅटला मार बसलेला असू शकतो. तेव्हाही घाईने कॅट मागवू नका. काही आठवडे चालवा, एकही मिस नाही याची स्कॅनरवर खात्री करा, इंजिन तेल खातंय का तेही बघा, आणि मगच कॅटचा निर्णय घ्या, नाहीतर नवा कॅटही त्याच कारणाने जळतो.